खांबाची जागा

"यांचा फोटो नाही लागणार," क्लबचा सेक्रेटरी लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला.

समोर उभी असलेली नर्स ड्युटीवरून तशीच आली होती. काखेत टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम, फ्रेममध्ये तिचे वडील. जन्मभर या क्लबच्या टीममधून बास्केटबॉल खेळले आणि मागच्या हिवाळ्यात गेले. कोर्टाच्या लांब भिंतीवर सुतार खिळे ठोकत होता. क्लबच्या सर्वोत्तम खेळाडूंचे फोटो तिथे लागायचे होते. संध्याकाळी कार्यक्रम होता.

"आई येणार आहे संध्याकाळी," नर्स म्हणाली. "ती भिंतीवर शोधेल."

"ताई, मी काही मनाने निवडत नाही. जुन्या सगळ्या मॅचचे आकडे भरलेत. बास्केट, पास, रिबाउंड. तुमच्या वडिलांच्या नावापुढे जवळजवळ काहीच नाही." मग त्याला गंमत सुचली. "फाऊल आहेत. फाऊलमध्ये त्यांना कुणी हरवू शकत नाही."

सेक्रेटरी तरुण होता, हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला फारच लवकर कळलं होतं.

सगळ्यात मोठा फोटो आधीच लागला होता. फोटोतला माणूस हवेत होता, हातात बॉल, आजूबाजूला कुणीच नाही. तोच माणूस आता खाली बाकावर गुडघे चोळत बसला होता. त्याला सगळे तोफ म्हणत. त्याच्याएवढे बास्केट क्लबमध्ये कुणी केले नव्हते. नर्सने फ्रेम त्याच्या शेजारी बाकावर ठेवली.

"काका, तुम्ही तर सोबत होता. लोक बाबांना खांब म्हणायचे. मला ते कौतुक वाटायचं. दर रविवारी घरी आले की आई त्यांची छाती शेकत बसायची. ते इथे नक्की करायचे काय हो?"

तोफ गुडघे चोळायचा थांबला. उत्तर त्याला माहीत होतं. आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारण्यात त्याची सोय होती.

तो उठला. कोपऱ्यातला बॉल घेऊन त्याने कोर्टाच्या लाकडी जमिनीवर आपटला. आवाज छपराला लागून परत आला. जुने रविवार त्या आवाजात होते. दाराशी सायकलींची गर्दी, खिडक्यांत चढून बसलेली पोरं, आणि बॉल हातात आला की 'तोफ, तोफ' असा गलका.

"सेक्रेटरी, ये. मला अडव."

"काका, तुमचे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत. तू ये."

सेक्रेटरी आला. तोफ डावीकडे गेला, सेक्रेटरी पुढ्यात. उजवीकडे गेला, पुढ्यात. शेवटी वैतागून त्याने लांबूनच बॉल टाकायला हात उचलला, तर सेक्रेटरीने बॉल अलगद काढून घेतला आणि वर सॉरी म्हणाला. सुतार हसला.

"बघितलंस?" तोफ नर्सला म्हणाला. "हा मी. एकटा असाच होतो. तेव्हाही असाच, फक्त डोक्यावर केस होते."

त्याने तिला दंडाला धरून एका जागी नेऊन उभं केलं. "पाय रोव. हात छातीशी आवळ. धक्का बसेल, हलायचं नाही. हललीस तर फाऊल. तुझ्या बाबाचे निम्मे फाऊल माझ्यामुळे झाले. तो नीट उभा राहायच्या आत मी निघायचो."

"आणि तुम्ही काय करणार?"

"तुझ्या खांद्याला खांदा घासून जाणार. मध्ये हवा जाईल एवढी जागा राहिली तरी हा अडवणारा घुसतो."

सेक्रेटरीने हे सगळं ऐकलं. खेळ त्याला येत होता. पण डोळे बॉलवर लागले की पाठीमागे कोण उभं आहे ते दिसत नाही. प्रेक्षकांनाही दिसत नाही.

तोफ बॉल घेऊन निघाला. त्याला पळणं म्हणता आलं नसतं. त्याचा खांदा नर्सच्या खांद्याला घासला, आणि मागोमाग सेक्रेटरी अख्खा तिच्यावर आदळून धप्पकन खाली बसला. पेशंट उचलून उचलून घट्ट झालेली बाई जागची हलली नाही. फक्त तिच्या छातीतून एक आवाज निघाला, जड काही उचलताना निघतो तसा. "हुं."

तोफ बास्केटखाली मोकळा होता. अगदी फोटोतल्यासारखा. पण बॉल हातात घेऊन तो तसाच थांबला.

"हाच आवाज," तो म्हणाला. "हा आला की मला कळायचं, मोकळा आहेस, टाक. मागे वळून कधी बघितलं नाही. लोक माझं नाव ओरडत असायचे ना."

मग त्याने बॉल टाकला. रिंगला लागून बाहेर गेला.

"हुकला," सुतार म्हणाला.

सेक्रेटरी अजून जमिनीवरच छाती चोळत होता. "हे कुठल्या रकान्यात लिहायचं?" त्याला टोमणा मारायचा होता, पण श्वास पुरला नाही आणि तो नुसता प्रश्न झाला.

"दुखतंय तिथे लिही," तोफ म्हणाला आणि सुताराकडे वळला. "बाकावरची ती फ्रेम घे. माझ्या फोटोच्या डाव्या अंगाला खिळा ठोक. फ्रेमला फ्रेम चिकटली पाहिजे. मध्ये हवा नको."

सुताराने सेक्रेटरीकडे पाहिलं. सेक्रेटरीने छातीवरचा हात काढला नाही.

"ठोक," तो म्हणाला.

टॉवेल सुटला, हातोडा वाजला, तोफ आणि सुतार फ्रेम सरळ आहे का ते मान वाकडी करून बघत राहिले. नर्सकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. ती अजून तिथेच होती, पाय रोवून, हात छातीशी आवळून, खांदा लाल झालेला.

"काका," ती म्हणाली, "आता हलू का?"