आईंचा मासा

नळीच्या तोंडाशी काळी वाळू आली आणि कुजक्या अंड्यांचा वास हॉलभर पसरला. साहेबांनी नाक मुरडलं. एवढ्या वर्षांची ही घाण, आणि म्हातारीच्या मते हे म्हणे माशाचं घर!

म्हातारी म्हणजे त्यांची आई. ती आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसली होती. पायाशी भरलेली बॅग. तिच्या डोक्यावरून हात लांबवून सूनबाई खिडकीचं माप घेत होती. खोली अजून आईची होती, पण नव्या पडद्यांना धीर नव्हता.

'साहेब' त्यांना सगळेच म्हणायचे, घरातसुद्धा, आणि त्यांना ते मनापासून आवडायचं. भिंतभर पसरलेली खाऱ्या पाण्याची टाकी ही साहेबांची मिजास. प्रवाळ, निळे दिवे, आणि आल्यागेल्याला तिच्यासमोर उभं करून ऐकवायचं व्याख्यान. तळाची वाळू मात्र सडली होती. ती एकदम उपसली तर खालचं विष पाण्यात मिसळतं आणि टाकीतलं सगळं मरतं, म्हणून दर रविवारी पाणी बदलताना एकेक पट्टा नळीने ओढून काढायचा. हे साहेबांना ठाऊक होतं. त्यांना सगळंच ठाऊक असायचं.

उन्हाळ्यात टाकीतला पिवळा मासा दिसेनासा झाला, तेव्हा 'खेकड्यांनी खाल्ला' असा निकाल त्यांनी उभ्या उभ्या दिला. आई म्हणाली, आहे की! तुम्ही कामावर गेलात की दुपारी बाहेर येतो. तुमची पावलं वाजली की वाळूत शिरतो.

साहेब हसले. सूनबाईही हसली. जेवायला येणाऱ्या पाहुण्यांना तोंडी लावायला किस्सा झाला आणि त्याला 'आईंचा मासा' असं नावच पडलं. साठी बुद्धी नाठी, पाहुणे म्हणाले आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मग डॉक्टरांनी एकदा सहज विचारलं, नसलेल्या गोष्टी दिसतात का यांना? सूनबाईने लगेच मासा सांगितला. असे भास होत असतील तर दिवसभर एकटं ठेवू नका, डॉक्टर म्हणाले. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. साहेबांना घरात ऑफिस हवंच होतं. आठवड्याच्या आत वृद्धाश्रमात जागा बघून झाली.

आई मात्र हटून बसली. शेवटी तिनेच अट घातली.

"वाळू काढतोच आहेस ना? सगळी काढ. मासा निघाला नाही तर मला भ्रम झाला म्हण, मी आपल्या पायांनी जाईन. निघाला, तर ही खोली माझी. पुन्हा विषय काढायचा नाही."

"कबूल," साहेब म्हणाले. मेलेला मासा थोडाच निघणार होता!

मग दर रविवारी एक पट्टा निघत गेला. आईचं सुरूच. आता तो डावीकडे सरकलाय. आता मागच्या खडकाखाली गेलाय, जरा हळू हात चालव रे. ऐकून साहेबांना कीव यायची. तिची नव्हे, स्वतःची. आपल्यासारख्या माणसाच्या नशिबी हे ऐकणं यावं!

आज शेवटचा पट्टा होता. वृद्धाश्रमाची गाडी खाली येऊन उभी होती. साहेबांनी खडकाखाली नळी घातली, उरलीसुरली वाळू ओढली, आणि काहीतरी पिवळं सळकन निसटलं.

मासा. चांगला गुटगुटीत. तळाच्या उघड्या काचेवर तो या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होता. शिरायला कणभर वाळू उरली नव्हती.

साहेबांचा हात थांबला. हॉलमधली शांतता ऐकून सूनबाई टेप हातात घेऊनच बाहेर आली. तिनेही पाहिलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. शरमेचा मागमूस नाही. कपाळाला आठ्या पडल्या त्या गैरसोयीच्या. इतके महिने दडून बसला, आणि मेल्याला आजच उगवायचं होतं!

"मिळाला का रे?" आतून आईने विचारलं.

सूनबाईने जाळी पुढे केली. साहेबांनी मासा अलगद उचलला आणि उपसलेल्या काळ्या वाळूच्या बादलीत सोडला. वाळू लागताच तो बिचारा झटकन आत शिरला.

"झाकण लाव," सूनबाई कुजबुजली.

साहेबांनी झाकण लावलं, हात पुसले आणि आवाज चढवला.

"नाही गं आई. नुसती वाळू निघाली."

मग आई बॅग घेऊन बाहेर आली. इतके दिवस जिच्यासमोर दुपार काढायची, त्या टाकीकडे तिने मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

"तू स्वतः बघितलंस ना? मग नसेलच रे," ती म्हणाली, आणि चपला शोधायला खाली वाकली.