बॅटरीवाल्यांनी मागं राहायचं

"बॅटरीवाल्यांनी मागं राहायचं. फुडं यायचं न्हाई. आजपासून हाच नियम."

मृत्युंजय हे सगळ्यांदेखत बोलला. निलंग्याच्या बसस्टँडसमोर, हॉटेलच्या बाकावर बसून, हातात सुशीलाची, म्हणजे फोडणीच्या मुरमुऱ्यांची, प्लेट धरून. मंडळात बॅटरीची सायकल एकाच बाईची होती, त्यामुळे नियम कोणासाठी हे विचारायची गरज नव्हती. अंबिकाताईंचा घास तोंडातच राहिला.

दर रविवारी पहाटे लातूरहून निघायचं, निलंग्यात नाश्ता करायचा आणि परत फिरायचं, हा सायकल मंडळाचा शिरस्ता. मंडळ मृत्युंजयनं काढलेलं, अध्यक्षही तोच. त्याचं हार्डवेअरचं दुकान. सायकल कार्बनची, एका बोटानं उचलावी अशी, आणि कुणी विचारो न विचारो, तो ती एका बोटानं उचलून दाखवायचा.

अंबिकाताईंचं साड्यांचं दुकान. आठवडाभर गिऱ्हाइकांपुढं घड्या उलगडायच्या आणि परत घालायच्या. रविवारची सकाळ तेवढी त्यांची स्वतःची. त्यासाठीच त्यांनी ही सायकल घेतली होती. बॅटरी नुसता जोर देते, पायडल मारावंच लागतं, हे सांगून सांगून त्या थकल्या होत्या. त्या रस्त्याला एकट्या बाईनं जायची सोय नाही. ट्रक आहेत, कुत्री आहेत आणि माणसंही आहेत. मंडळ सुटलं की त्यांचा रविवार सुटला.

आणि गुन्हा काय, तर त्या पुढं चालवायच्या. परतीला त्या पुढं निघाल्या की मृत्युंजयच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दातओठ खात तो त्यांच्या मागच्या चाकाला जो चिकटायचा, तो औसा येईपर्यंत सुटायचा नाही. बाकीचे त्याच्या मागं. औशाला चहा पिताना तो मांडीवर थाप मारून सांगायचा, "बॅटरीला पायानं गाठतो मी. हे पाय हाईत, चार्जिंग न्हाई." लोक माना डोलवायचे. अंबिकाताईही हसून घ्यायच्या.

आज मात्र हॉटेलवाल्यानं घोळ केला. "आज बी ताईच पयल्या आल्या वाटतं," एवढंच तो म्हणाला, आणि अध्यक्षांना ते झोंबलं.

"ताई, राग मानू नका," मृत्युंजय म्हणाला, राग यावा अशाच आवाजात. "आमी घाम गाळायलोत अन् तुमी बटण दाबून फुडं. ही फसवणूक हाय. मागं राहायचं जमत नसंल तर फुडच्या रविवारपासून येऊ नका. एखादी एसीची गाडी घ्या."

कोणीतरी हसलं. कॉलेजात शिकवणारा सुदर्शन स्वतःच्या बुटांकडं बघत राहिला. गेल्याच महिन्यात त्याचं चाक पंक्चर झालं तेव्हा अंबिकाताई त्याच्यासाठी भर उन्हात थांबल्या होत्या. अंबिकाताईंच्या डोक्यात तिडीक गेली. सरळ निघून जावं, यांची तोंडंही बघू नयेत, असं त्यांना वाटलं. पण मग रविवार गेलाच.

"बरं अण्णा," त्या म्हणाल्या. "मागं तर मागं."

निलंगा सुटलं आणि आषाढाचा वारा समोरून आला. रानातलं सोयाबीन एका अंगाला लोळत होतं. मृत्युंजय सगळ्यांत पुढं, अध्यक्षाला शोभेल असा ताठ. थोड्या वेळानं तो वाकला. मग आणखी वाकला. गिअर उतरवला. थांबून चाक हातानं फिरवून पाहिलं, ब्रेक घासतोय की काय म्हणून. घासत नव्हता. टायर दाबून पाहिले. टायर कडक होते. त्यानं सायकलीला एक शिवी दिली आणि पुन्हा निघाला.

"सुदर्शन, फुडं ये," तो ओरडला. "कवाचा माझ्या आडोशानं चालायलास. वारा म्या फोडायचा अन् तुमी मागं फुकटात यायचं? जरा लाज वाटू द्या."

सुदर्शन पुढं आला, दोन शेतं टिकला आणि मागं सरकला. दुसरा आला, तोही सरकला. पुन्हा मृत्युंजयच पुढं.

सगळ्यांच्या शेवटी अंबिकाताई. त्यांनी नियम अगदी डोळ्यांत तेल घालून पाळला. पुढचे हळू झाले की त्या हळू. पुढचे थांबले की त्यांचाही पाय जमिनीला.

लामजन्याच्या अलीकडं मृत्युंजय उतरला. सायकल त्यानं बाभळीला टेकवली, एका बोटानं नाही, दोन्ही हातांनी. त्याचे ओठ सुकले होते आणि मांड्या थरथरत होत्या. सगळे थांबले. लातूर अजून लांब होतं आणि वारा काही कुणाचं ऐकणारा नव्हता.

त्यानं वळून मागं पाहिलं. मग रांगेच्या कडेनं चालत शेवटच्या सायकलीपाशी आला आणि खाली मान घालून, फक्त अंबिकाताईंनाच ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "ताई, आज वारा लईच हाय. तुमी जरा फुडं चला."

अंबिकाताईंनी हेल्मेटचा पट्टा आवळला. आवाज मात्र त्यांनी रांगेतल्या पहिल्या माणसापर्यंत पोचेल असा लावला.

"वारा दर रविवारी एवढाच असतोय, अण्णा. तुमाला तेवढा आज पयल्यांदा लागला."