काडतुसांच्या खोलीतली कॅसेट

जेवणाची सुट्टी होताच गनीने काडतुसांच्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि बायकोची कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घातली. गावाहून परतलेल्या कोणाबरोबर तरी ती आली होती. फारुख ड्रायव्हरने सकाळीच आणून दिली होती.

"मागच्या कॅसेटीत तुमी बोललात किती?" सलाम संपताच खदिजाने फैलावर घेतलं. "दोन शब्द, नि मग नुसतं खट्, खट्! ते काय वाजतंय?"

वाजत होता तो काडतुसं दाबायच्या प्रेसचा दांडा. बहरीनमधल्या नेमबाजीच्या क्लबात गनी रायफलची काडतुसं हाताने भरायचा. दारू भरताना बोलायचं नाही, हा साहेबाचा नियम. म्हणून घरी पाठवायची कॅसेट तो शेवटचं काम करताना रेकॉर्ड करायचा: दांडा दाबून पुंगळीचं तोंड गोळीभोवती आवळायचं. सैल राहिलं तर गोळी सरकते, जास्त आवळलं तर काडतूस रायफलीत अडकतं. त्यात जीव गुंतला की गडी मिठाची गुळणी धरायचा. तसंही या खोलीत दिवसभर कोणी फिरकत नसे, बोलायची सवयच गेली होती.

"बिल्किस, अब्बाशी बोल," खदिजा म्हणाली. गनी पुढे सरकला. पोर दोन वर्षांची, तो इकडे आल्यावर जन्मलेली. टेपवर नुसता तिचा श्वास ऐकू आला.

"लाजते. फोटो दाखवला तर तोंड फिरवते. पण कॅसेटीत खट् वाजलं ना, की अब्बा, अब्बा करत धावत येते. तुमचा आवाज लागला की चालली खेळायला!"

गनीला आधी हसू आलं, मग त्याने टेप थांबवली. पुढच्या महिन्यात त्याची लीव्ह होती. दारात जाऊन उभा राहिला, तर पोरीने त्याला ओळखायचं कशावरून?

त्याने कोरी कॅसेट घातली, बटण दाबलं. घसा खाकरला.

"बिल्किस... माझं नाव अब्दुल गनी. वय बत्तीस. राहणार सनाबिस, बहरीन." त्याने भुवईवरून बोट फिरवलं. "उजव्या भुवईवर जखमेची खूण आहे. लहानपणी झाडावरून पडलो होतो."

दार ढकलून फारुख आत आला. "यल्ला गनी, चल लवकर, काडतुसांचे खोके दे. कोणाशी बोलतोयस?"

"पोरीशी."

"पोरीशी? अरे, मग व्हिसाचा फॉर्म भरल्यासारखा काय बोलतोस?"

"काय करू?" गनी म्हणाला. "तिची नि माझी ओळख नाय ना अजून."