चालू राहिलेला पंखा

ठरल्याप्रमाणे भरदुपारी चंद्रपूरच्या त्या कॉलनीतली वीज गेली, पण केतकीच्या घरातला पंखा फिरतच राहिला.

“मजा आहे बाई तुझी! सरकारला सल्ले देणाऱ्यांची लाइट कशी जाईल?” शेजारच्या कुंदाकाकूंनी गॅलरीतून टोमणा मारला.

केतकीला हसू आलं नाही. वीज सुधारणेच्या तज्ज्ञ समितीत तिनंच सुचवलं होतं, की मीटरनं घरातले श्वास ऐकावेत आणि जिथं कुणी आजारी पडणार असेल, तिथली वीज धोका टळेपर्यंत तोडू नये. मीटर अजून कधी चुकला नव्हता.

घरात ती आणि तिची लेक ओवी, दोघीच होत्या. जागरणानं जड झालेला हात तिनं झोपलेल्या ओवीच्या कपाळावर ठेवला. कपाळ गार होतं. तिनं हात पुन्हा ठेवून पाहिला.

“काकू, येता का जरा?” ती म्हणाली. “आमची लाइट जाईपर्यंत बसा माझ्याजवळ.”