भीती ओळखणारा फोन

सब-इन्स्पेक्टर दरेकर मॅडमनी वार्ताहर खोतांपुढे गरम थालीपीठ ठेवलं आणि विचारलं, "आजोळ कुठलं तुमचं?"

"चौकशी करताय की सोयरीक जमवताय?" खोत हसले.

पोलिसांना लोकांचे फोन उघडता यावेत म्हणून सरकारने फार तगादा लावला, तेव्हा फोन कंपन्यांनी एवढंच कबूल केलं होतं: मालकाने बोट टेकवलं की फोन उघडेल, पण मालक घाबरलेला असेल तर उघडणार नाही. तेव्हापासून पोलीस ठाण्यात कोणी आवाज चढवत नसे.

खोत आजोळच्या नदीबद्दल, मामाने शिकवलेल्या पोहण्याबद्दल बोलत राहिले. मॅडमनी खोतांचा जप्त केलेला फोन पुढे केला. कायद्याने बोट टेकवणं भागच होतं. खोतांनी बोलता बोलता टेकवलं आणि फोन उघडला.

धरणाच्या भेगांचे फोटो त्यांना कोणी पाठवले, तेवढंच मॅडमना हवं होतं. नाव समोर होतं: अविनाश दरेकर. धरणावर इंजिनियर असलेला त्यांचा नवरा.

साहेबांना कळवायला मॅडमनी स्वतःचा फोन काढला आणि बोट टेकवलं. पुसून पुन्हा टेकवलं. फोन उघडेना.

खोतांनी ताटली हळूच त्यांच्याकडे सरकवली.

"मॅडम, तुमचं आजोळ कुठलं?"