डीजे आणि आम्रपाली

आम्रपालीला ऑटिझम आहे. डीजे दणाणला की ती कान दाबून किंचाळते आणि तिची आई मंजुषा तिला घेऊन मांडवाच्या दारातूनच घरी परतते. भरवेली गावातल्या लग्नातही मंजुषा वळलीच होती, पण हिरालालमामा आडवे आले.

"कुठी चालली वं? माह्या घरचं लगन हाय. ए पोट्टेहो, बंद करा तो डीजे!"

पोरांनी तोंडं वाकडी केली. मंजुषा शरमेने अर्धी झाली. आम्रपाली मात्र हात फडफडवत मांडवभर नाचली. कितीतरी वर्षांनी म्हाताऱ्यांना लग्नात एकमेकांचं बोलणं ऐकू आलं. गप्पांना असा ऊत आला, की लांजीच्या आत्याबाई हसता हसता खुर्चीवरून घसरल्या.

आठवड्याने त्याच आत्याबाईंचा फोन आला.

"नातवाचं लगन हाय, मंजू. तुले नाही जमलं त राहू दे, पण पोरीले नक्की पाठवजो!"