सूर्य नसलेला ग्रह

ती बनवत असलेल्या गेममधल्या एका ग्रहाला सूर्यच नव्हता, म्हणून तिने तिथल्या जीवांना डोळेच दिले नव्हते. साहेब मात्र अडून बसले. "घरांवर दिवे लाव. खेळणाऱ्याला काही दिसलं तर पाहिजे!"

"डोळे नाहीत ते दिवे कशाला लावतील, सर? सगळा ग्रहच खोटा वाटेल."

"मग उद्यापर्यंत कारण शोध, नाहीतर ग्रह रद्द."

संध्याकाळी ती तोंड पाडून काकांकडे गेली. काका जन्मापासून आंधळे. तिची पावलं ओळखून ते लगेच उठले आणि त्यांनी सवयीने बटण दाबलं. "ये गं. अंधारात धडपडशील."

तिने काकांना मिठीच मारली.

आता त्या ग्रहावर खेळणाऱ्याची चाहूल लागली, की बिनडोळ्यांचे ते जीव लगबगीने दारात दिवा लावतात.